प्रत्याहाराची खोली

बायकोने तक्रार करणं थांबवलं आणि मी घाबरलो.

बागेतल्या बाकावरच्या मित्रांना हे सांगितलं, तर त्यांनी माझं अभिनंदन केलं. एकाने तर माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "कुठली गोळी चालू केलीस?" पण माझी सगळी नोकरी बस कंपनीच्या तक्रार खिडकीत गेली. तिथे एक गोष्ट अंगात मुरते. ज्या मार्गावरून लोक शिव्या घालत येतात, त्या मार्गावर बस चालू असते. उशिरा का होईना, धूर सोडत का होईना, पण चालू. ज्या मार्गाचा एकही माणूस खिडकीशी येत नाही, तिथे आम्ही ताबडतोब कुणाला तरी पाठवायचो. बहुतेकदा बस कधीचीच बंद झालेली असायची आणि लोक निमूट पायी जात असायचे.

त्या सकाळी मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मुद्दाम नाही, सवयीने. लग्न झाल्यापासून हा टॉवेल आणि त्यावरचं तिचं भाषण आमच्या घरात एकत्रच वाळत आलेलं आहे. ती खोलीत आली, टॉवेलकडे बघितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अगं, टॉवेल," मीच म्हणालो.

"हो, दिसला."

"मग?"

"मग काय? टॉवेल आहे. ओला आहे. पलंगावर आहे." हवामानाच्या बातम्या वाचतात त्या आवाजात ती बोलत होती. "मी फक्त बघते आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या चष्म्यावर बसलो. हे मात्र मुद्दाम. कपाटात पडलेला तिचा जुना चष्मा मी काढून ठेवला होता, पण तिला ते कुठे माहीत होतं! काच कचकन फुटली. तिने तुकडे गोळा केले, आणि म्हणाली, "चष्मा होता. आता नाही." आणि हसली. ते हसू चांगलं होतं, गोड होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं मागे कुणीतरी उभं असावं आणि ती त्याच्याकडे बघून हसत असावी, तसं वाटलं. मी वळून बघितलं. मागे कपाट होतं.

हे सगळं येत होतं दातांच्या डॉक्टरांकडून.

डॉक्टर आमच्याच रस्त्यावरचे, दवाखाना पहिल्या मजल्यावर. अर्ध्या वस्तीच्या दाढा त्यांनी काढल्या, माझ्याही. हात थकले तसा त्यांनी दवाखाना बंद केला आणि त्याच जागेत ध्यानाचा वर्ग सुरू केला. फुकट. माणूस सरळ, स्वच्छ, मृदू. जुन्या ग्रंथांचा खरोखरचा नाद. रोज ते एका संस्कृत शब्दाचा अर्थ सांगत आणि मग सगळे डोळे मिटून बसत. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून बायकोची झोप उडाली होती, म्हणून ती जायला लागली. सुरुवातीला मला मजाच वाटली. घरी आली की ती नवा शब्द मला ऐकवायची.

"धारणा म्हणजे मन एका जागी बांधायचं. ध्यान म्हणजे ते तिथेच, न तुटता, वाहत राहतं. तेलाची धार असते ना, तशी."

"आणि समाधी?"

"धार राहते. ओतणारा राहत नाही."

"मग बाटली कोण बंद करतं?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," असं ती तेव्हा म्हणायची. तेव्हा सगळं ठीक होतं.

मग थंडी पडली आणि प्रत्याहार आला. प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे वळवणं. कानाने आवाजामागे धावू नये, डोळ्याने रंगामागे. आता डॉक्टरांच्या दवाखान्यामागे मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तो दिवसभर इंजिनं भणाणून सोडायचा आणि मधल्या वेळात पोरांना शिव्या द्यायचा. त्या गदारोळातून कान मागे घेणं कुणालाच जमेना. लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ वर्गाला येत. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. ते म्हणाले, कान आत घेण्यापेक्षा आवाज बाहेर ठेवू. ते सोपं पडलं. त्यांनी खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावली, दाराखालची फट बुजवली. वरचा झरोका राहिला होता. वर्गात एक शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी स्टुलावर चढून झरोक्याचं माप घेतलं आणि त्याला नेमकी बसेल अशी जाड उशी शिवून आणली.

"एक सूत इकडेतिकडे नाही हो," बायको कौतुकाने सांगत होती. "ठोकून बसवावी लागली. आता टाचणी पडली तर ऐकू येते."

"टाचणी कशाला पाडता?"

ती हसली नाही. कपाळ चोळत म्हणाली, "डोकं जरा धरलंय."

डोकं रोजच धरायला लागलं. वर्गातून आली की कपाळाभोवती फडकं आवळून बांधल्यासारखं होतंय म्हणायची. कधी मळमळायचं. सकाळपर्यंत सगळं साफ व्हायचं आणि दुपारची उन्हं उतरली की ती पुन्हा निघायची. मी म्हटलं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवू. दाखवलं. सकाळी नेलं. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम, जीभ उत्तम. "काकू, या वयात अशी तब्येत!" असं म्हणून त्यांनी मलाच वजन कमी करायला सांगितलं.

दातांच्या डॉक्टरांकडे मात्र प्रत्येक गोष्टीला शब्द होता. डोकं धरतं? तो कषाय. आत दडून बसलेल्या जुन्या वासना वर येताना मन ताठरतं. गुंगी येते? तो लय. मधेच फार फार छान वाटतं, उठूच नये वाटतं? तो रसास्वाद. आनंदाची चव लागली की माणूस तिथेच रेंगाळतो. आणि मधेच मन उडून जातं तो विक्षेप. समाधीच्या वाटेवरचे हे चार अडथळे ग्रंथांत सांगितलेलेच आहेत म्हणे. अडथळे लागायला लागले म्हणजे वाट बरोबर आहे. वर्गातल्या सगळ्यांनाच ते लागत होते, त्यामुळे सगळे खूश होते.

मी मुलीला फोन केला.

"बाबा, आईला जन्मात पहिल्यांदा शांतता मिळतेय. तुम्ही मधे पडू नका."

"अगं, ती मला ओरडत नाही."

"हेच म्हणतेय मी."

"तू ये एकदा. बघ तिला."

"तिने फोनवर काय सांगितलं माहितीय? म्हणाली, तू माझी मुलगी आहेस हे मला दिसतं, पण त्याने मला काही होत नाही. बाबा, किती मोठी गोष्ट आहे ही!" असं म्हणता म्हणता पोरीचा आवाज जरा चिरकला, आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी बायको वर्गातून घरी आली नाही. मी वाट बघून रस्त्यावर उतरलो. आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर, बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. पिशवी मांडीवर. चेहरा लालसर, टवटवीत. मला बघून हसली. तेच, खांद्यामागचं हसू.

"इथे काय करतेस?"

"आपलं घर कुठलं ते बघतेय."

मी बोटाने दाखवलं. ती त्या दिशेने बघत राहिली. मी तिला दंडाला धरून उठवलं तेव्हा तिचे गुडघे दुमडले आणि सगळं वजन माझ्यावर आलं. मी घाबरलो असं म्हणणं सौम्य होईल. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: ही निघाली. माझ्यातून, घरातून, सगळ्यातूनच निघाली, आणि मी इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, पण ही कुणाकडे नोंदवायची ते मला माहीत नाही.

सकाळी ती ठणठणीत होती आणि पायरीचं तिला काहीच आठवत नव्हतं.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. जुन्या दवाखान्यातच राहायचे ते, बाहेरच्या खोलीत. आतली खोली वर्गाची. त्यांनी मला चहा दिला. दात ठणकत आलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला भीती वाटतेय," ते म्हणाले.

"वाटतेय. तिने काल घर ओळखलं नाही."

"देहाचा पत्ता सैल पडतो कधीकधी."

"डॉक्टर, मला पत्ता सैल पडलेला नको आहे. आमच्याकडे पार्सलं येतात."

ते मनापासून हसले. "वैराग्य म्हणजे तुमच्यावर राग नव्हे हो. कंटाळाही नव्हे. ओढ सुटणं. तिला तुम्ही दिसता, पण तुम्ही तिला ओढत नाही. ती साक्षी झालीय. साक्षी म्हणजे जो बघतो, पण बघितलेल्यात गुंतत नाही."

"असे साक्षी आमच्या प्रत्येक बसमध्ये असायचे. अपघात झाला की सगळं बघायचे आणि गुंतायला नको म्हणून पुढच्या थांब्यावर उतरायचे."

"तुम्ही थट्टा करता, कारण तुम्ही बाहेर आहात." आवाजात जराही राग नव्हता. "आज या. बसा एकदा. मग बोलू."

मला तेच हवं होतं. या शब्दांपैकी कुठला शब्द माझ्या बायकोला खातोय, ते मला समोरासमोर बघायचं होतं. माझी अशी पक्की समजूत झाली होती की शत्रू शब्दच आहे. रात्रभर मी शब्दांशीच भांडत पडलो होतो.

दुपारी तिच्याबरोबर निघालो तेव्हा ती ना खूश झाली, ना नाराज. "येताय? या," म्हणाली.

आतली खोली लहान होती. मधोमध दातांची खुर्ची, जमिनीत बोल्ट मारलेली म्हणून निघाली नव्हती. तिच्यावर पांढरी चादर. चादरीखाली पाय लांब करून कुणी झोपलंय असं आधी वाटलं. भिंतीशी जुना गॅसचा हीटर होता. त्याच्या जाळीमागे ज्योत. पुढे सतरंज्या. शिवणवाल्या ताई सगळ्यांत पुढे, हीटरला जवळजवळ चिकटून बसल्या, कारण त्यांना थंडी सोसत नसे. त्यांच्या मागे लिफ्टवाले. मग मी आणि बायको. डॉक्टर आपल्या चाकांच्या गोल स्टुलावर. त्यांनी दार लावलं आणि वरची कडी घातली, पार टाचा उंचावून. मधेच कुणी आत येऊ नये म्हणून.

खोली गप्प झाली. नुसती शांत नाही. कुणीतरी आपल्या कानांवर तळहात ठेवावेत तशी. मागचं दुकान तर मी येताना ऐकलं होतं. ते जणू पृथ्वीवरून पुसलं गेलं होतं.

"ज्योतीवर धारणा," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ही ज्योत बघा बरं. थंडीच्या सुरुवातीला इवलीशी होती, निळी, कोरडी. आता बघा."

मोठी होती खरी. पिवळीधमक, लांब, संथ. उजवीकडे डुलायची, थांबायची, डावीकडे डुलायची. वरच्या भिंतीवर काजळी धरली होती.

"वर्ग जसा मुरला तशी तीही बदलली," ताई मागे न वळता भक्तीने म्हणाल्या.

"आजचा शब्द लय," डॉक्टर बोलू लागले. "मन हळूहळू विरून झोपेत जातं, तो लय. आणि समाधीतही मन विरतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तसाच बसलेला माणूस, तसाच शांत चेहरा. फरक एवढाच, की समाधीत आतला दिवा जागा असतो. लयात तो विझतो. म्हणून जुने लोक सांगतात, लयात जाणाऱ्या मनाला जागं करावं." त्यांनी जांभई दिली. "माफ करा. डोळे मिटा. जे होईल ते होऊ द्या. फक्त बघा."

मी डोळे मिटले आणि शत्रूची वाट बघत बसलो.

थोड्याच वेळात मला फार बरं वाटायला लागलं. काय सांगू! जन्मात मला देवाच्या मूर्तीपुढे दोन मिनिटं उभं राहता आलेलं नाही. मधेच विजेचं बिल आठवतं. आणि इथे मन कसं लोण्याच्या गोळ्यासारखं बसलं होतं. बिल नाही, भीती नाही, बायको नाही. डोक्याभोवती काहीतरी आवळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या डोक्याभोवती असावं इतकं लांब होतं. वा, मी मनात म्हणालो. आपण पोचलो. पहिल्याच दिवशी.

आणि तिथेच, त्या लोण्यात, एक खडा लागला.

पहिल्याच दिवशी? मी?

मी स्वतःला बऱ्यापैकी ओळखतो. माझ्यासारख्या माणसाला पहिल्या बैठकीत समाधी लागते म्हणजे ती समाधी नाही. कुणालाही विचारा. बायकोला विचारा. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जास्त वाईट होती. माझा उजवा गुडघा दुखत नव्हता. जमिनीवर मांडी घातली की तो गुडघा पहिल्या क्षणापासून बोंब मारतो. इतकी वर्षं एकही दिवस चुकलेला नाही. आणि आता तिकडून काहीच येत नव्हतं. गुडघ्यावरून नाही, पोटरीवरून नाही, खालून कुठूनच नाही. सगळे मार्ग चिडीचूप.

तिथे कुणाला तरी पाठवायला हवं होतं. मी डोळे उघडले. तेवढ्यालाही फार वेळ लागला.

शिवणवाल्या ताई पुढे झुकल्या होत्या. फार झुकल्या होत्या. कपाळ जवळजवळ सतरंजीला लागलं होतं आणि एक हात तळवा वर करून बाजूला पडला होता. हीटरची पिवळी ज्योत त्यांच्यावर संथ डुलत होती. लिफ्टवाले तोंड उघडं टाकून बसले होते. डॉक्टर स्टुलावर हलत होते, ज्योतीच्याच लयीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं. खांद्यामागचं.

"डॉक्टर," मी म्हणालो. आवाज निघाला नाही. "डॉक्टर. ताईंना बघा."

"लागलीय," ते डोळे न उघडता, जड जिभेने म्हणाले. "हात लावू नका."

मी बायकोकडे वळलो. ती ताठ बसली होती, गाल लाल, ओठ किंचित उघडे.

"अगं."

नाही.

"अगं, मी बोलतोय. अगं!" मी तिचा खांदा धरला. डोकं एका बाजूला गेलं आणि तिथेच राहिलं.

पिवळी ज्योत. बंद खिडकी. मापात शिवलेली उशी. हे तिन्ही माझ्या डोक्यात होतं, पण सुटं सुटं, आणि त्यांना एकत्र आणताना ओली दोरी वळावी तसे कष्ट पडत होते. ज्योतीला हवा नाही. मग आम्हाला तरी कुठली? मग आम्ही आत काय ओढतोय?

मी उठायला गेलो. पाय माझे नव्हते. कोपरांवर पडलो आणि सरकायला लागलो. सगळ्यांत भयंकर काय असेल, तर आतून कुणीतरी गोड आवाजात सांगत होतं की राहू दे. फक्त बघ. ताई पडल्या आहेत, हे दिसतं आहे. बायको बोलत नाही, हे दिसतं आहे. तू नुसता बघ. तो आवाज डॉक्टरांचा नव्हता. माझा होता, आणि इतका समजूतदार मी आयुष्यात कधी बोललेलो नाही.

हीटरची मूठ फिरवली. ज्योत मिटली. दाराची कडी वर होती, आकाशात असावी इतकी वर. झरोका त्याहून वर. राहिली खिडकी. तिची खिट्टी पट्टीखाली दबून बसली होती, बोटांत जोर नव्हता. पाण्याचा स्टीलचा जग हाताला लागला. मी तो काचेवर मारला. टण्णकन आवाज झाला, काच तशीच. पुन्हा मारला. जग हातातून सुटला. तो शोधायला मला खाली बघावं लागलं आणि खाली बघितल्यावर तिथेच गाल टेकून पडावंसं वाटलं. तिथे गार होतं. छान होतं.

मागे सतरंजीवर काहीतरी धपकन पडलं. बायको होती.

तिसऱ्या घावाला काच फुटली.

थंड हवा आली आणि तिच्याबरोबर मागचं दुकान आत घुसलं. इंजिनाचा भणभणाट, आणि त्यावर मालकाने कुणाच्या तरी आईवरून घातलेली एक सणसणीत शिवी. इतकं सुरेल मी काही ऐकलेलं नाही. लिफ्टवाल्यांनी एक डोळा किलकिला केला आणि वैतागून म्हणाले, "विक्षेप!"

मी भोकातून तोंड बाहेर काढून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दुकानवाला नंतर म्हणाला, काका फक्त "तक्रार आहे, तक्रार आहे" म्हणत होते. तो पोरांना घेऊन वर आला आणि त्यांनी दार तोडलं. तोवर मी बायकोला शालीला धरून खिडकीशी ओढत होतो. हवेच्या झोताखाली तिचं तोंड आणलं. गाल थोपटले. मग थापट्या मारल्या. लग्नानंतर मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी थोबाडीतच मारत होतो आणि रडत होतो.

"भांड ना गं. काहीतरी बोल. शिवी दे."

ती काही बोलली नाही. तिला जिन्यावरून खाली नेलं तेव्हाही नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नळी लावली तेव्हाही नाही.

हॉस्पिटलात शब्द वेगळे होते. विषारी वायू, प्राणवायू, रक्तातलं प्रमाण. तेही सगळे शांत आवाजात सांगत होते. लिफ्टवाले संध्याकाळीच उठून बसले. डॉक्टर त्यांच्या शेजारच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"मी डॉक्टर होतो हो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "रोज डोकं दुखतं, मळमळतं, असं पेशंटने सांगितलं असतं तर मी आधी खिडक्या उघडायला लावल्या असत्या. मीच त्यांना नावं देत बसलो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. दाढा काढताना ते लहान मुलांना हातात छोटा आरसा द्यायचे, ते उगीचच आठवलं. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

ताई वाचल्या. पण त्यांचा उजवा हात आता कापतो. सुई ओवायला शेजारीण येते.

बायकोने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. प्राणवायूच्या मुखवट्याच्या आतून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच. खांद्यामागे नाही. मी तिचा हात धरून काहीबाही बडबडलो. तिने ओठ हलवले, मी कान जवळ नेला.

"का उठवलंत?" ती म्हणाली.

मुलगी येऊन राहून गेली. दिवसभर आईला काहीबाही खायला घालून, तिच्याकडून भरपूर बोलणी खाऊन, समाधानाने परत गेली. घर पूर्वीसारखं झालं, बरंचसं. एका सकाळी चहा ओतता ओतता बायको थांबली.

"अहो, एक विचारू? ते सगळं गॅसच होतं का?"

"हो."

"सगळं?"

"हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आकडे दाखवले ना."

"आकडे बघितले मी." तिने किटली खाली ठेवली. "पण मला तिथे भीती नव्हती. पोरगी लांब गेली त्याची नाही, तुम्ही आधी जाल की मी याची नाही. कसलीच नाही. तो गॅस असेल, तर मग गॅस नसताना ते कसं असतं, ते मला बघायचं आहे."

मी चहा ढवळत राहिलो. त्यात साखर घातली नव्हती.

आता ती रोज सकाळी घरीच बसते. खिडक्या मी उघडतो, दोन्ही पल्ले, थंडी असली तरी. दारही उघडं ठेवतो, शेजारचे वाकून बघतात तर बघोत. हीटर मी भंगारात दिला. तिच्या अंगावर शाल, पाठ माझ्याकडे. मी मागे खुर्चीत पेपर धरून बसतो. पेपर वाचत नाही. शाल वर होते, खाली होते, ते बघतो.

"अगं?" मी मधेच म्हणतो.

"हं."

थोड्या वेळाने पुन्हा. "अगं?"

"हं."

सुरुवातीला ती चिडायची. हल्ली चिडत नाही. बसणंही हल्ली लांबतं.

काल मी "अगं" म्हणालो आणि काही आलं नाही. पुन्हा म्हणालो. रस्त्यावरून ट्रक गेला, पडदा हलला. शाल हलतेय की पडद्याचं ऊन हलतंय, ते कळेना. मी पेपर ठेवला. चप्पल न घालता उठलो. तिच्या समोर जाऊन वाकलो. चेहरा शांत होता. अगदी तसाच, जसा त्या खोलीत होता. आत दिवा जागा आहे की विझलाय, हे या बाजूने बघायची काही सोय नाही. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं.

काही नाही.

मग एक कोमट श्वास बोटाला लागला. मी बोट तसंच धरून, वाकलेला, पुढच्या श्वासाची वाट बघत उभा राहिलो.